वादळानंतरचे समुद्रगवत आणि त्यातील धातू

तंजावर म्हटले की कावेरीकाठची भातखाचरे आठवतात. परंतु या जिल्ह्यास पाल्कच्या उपसागराचा उथळ किनाराही लाभला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेला ‘मनोरा’ मल्लिपट्टिनमजवळ याच किनाऱ्यावर उभा आहे आणि त्या भागातील पाण्यात समुद्रगवताची कुरणे आहेत. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती मुळे, पाने व फुले असलेली वनस्पती आहे. डुगाँग हा सस्तन प्राणी मुख्यतः तिच्यावरच जगतो. त्याच्या रक्षणासाठी 2022 मध्ये तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत सुमारे 448 चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव झाले.

16 नोव्हेंबर 2018 रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यमदरम्यान धडकले. पट्टुकोट्टई परिसरातील उन्मळलेल्या नारळबागा सर्वांनी पाहिल्या. अशा वादळात पाण्याखाली जे घडते ते मात्र नजरेआड राहते.

तळाच्या प्राणवायूरहित गाळात तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम हे धातू बऱ्याच अंशी सल्फाइडच्या रूपात बांधलेले असतात. लाटांनी गाळ घुसळला की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन धातूंचा काही अंश पाण्यात सुटतो. पुराबरोबर शेतातील मातीही वाहून येते: तिच्यात बोर्डो मिश्रणातील तांबे, झिंक सल्फेटमधील जस्त व स्फुरदयुक्त खतांतील कॅडमियमचा अंश असू शकतो. गवत पानांवाटे पाण्यातून आणि मुळांवाटे गाळातून धातू शोषते.

तरीही वादळानंतर धातू वाढणारच, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पावसाच्या पाण्याने धातू विरळ होतात. उलट खारटपणा घटल्यास कॅडमियम अधिक सहज शोषले जाते. शिवाय पाने काही आठवड्यांत झडून नवी येतात, तर जमिनीतील आडवे खोड अधिक काळ टिकते. त्यामुळे पान अलीकडच्या पाण्याची साक्ष देते, खोड जुन्या गाळाची. वादळापूर्वीचा, त्याच जागेचा, त्याच जातीचा व त्याच भागाचा नमुना नसेल तर तुलना व्यर्थ होय.

शेतीशी याचा थेट संबंध येतो तो किनाऱ्यावर वाहून आलेल्या गवताच्या ढिगांमुळे. फुकटचे सेंद्रिय द्रव्य म्हणून ते नारळाच्या आळ्यात टाकण्याचा मोह होतो. मीठ धुऊन काढता येते, पानात मुरलेले धातू सहसा तसे निघत नाहीत. गवत कुजताना सेंद्रिय भाग घटतो, धातू मात्र तेवढेच राहतात. साहजिकच त्यांचे दर किलोमागील प्रमाण वाढते. म्हणून प्रयोगशाळेकडे केवळ ताजे गवत न पाठवता तयार खताचा नमुनाही पाठवावा, आणि अहवाल येईपर्यंत ते खत बागेत टाकू नये.