बोलावणं आल्यापुरता पोलीस

गणेश विसर्जनाच्या दिवशी नाशिकच्या रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर खाकीतली माणसं जाड दोर धरून उभी असतात. गर्दीला सगळी खाकी सारखीच. खांद्यावरची पट्टी वाचली तरच कळतं, की यातला एखादा पोलीस नव्हे, होमगार्ड, म्हणजे गृहरक्षक आहे. कालपर्यंत तो टोमॅटोचे क्रेट उचलत असेल किंवा रिक्षा चालवत असेल, आणि उद्या पुन्हा तेच करील. मधल्या बंदोबस्तापुरता मात्र तो कायद्याने पोलीस असतो.

हे दल उभं राहिलं ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांतात. दंगलींचे दिवस होते, गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. पाठोपाठ १९४७ चा मुंबई गृहरक्षक दल कायदा आला. त्याआधी नागरिकांनी कवायती पथकं काढायची सोय नव्हती असं नाही. १८६९ चा स्वयंसेवक सैनिकांचा कायदा होताच, पण त्या पथकांचे दरवाजे मुख्यतः गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी उघडे. हिंदी माणसालाही स्वयंसैनिक होऊ द्या, ही काँग्रेसची मागणी १८८६ इतकी जुनी. ती मान्य करायची सरकारची छाती झाली नाही.

अमेरिकेने उलट टोक गाठलं होतं. तिथल्या १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषाला मिलिशियात नाव घालणं बंधनकारक केलं, वर बंदूक, बारूद, पडशी सगळं पदरचं आणायला सांगितलं. आपल्या होमगार्डाला बंदूक आणायला कोणी सांगत नाही. त्याच्या हाती बहुधा काठी, शिट्टी आणि हा दोर. भरतीची सक्तीही नाही. मुंबईच्या कायद्याला हवा असतो लायक आणि ‘राजी’ माणूस.

मला या कायद्यात सर्वांत रंजक वाटते ती या राजीपणाची मर्यादा. नाव घालणं खुशीचं, पण चौथ्या कलमाखाली समादेशकाने बोलावलं की खुशी संपली. सबळ कारण नसताना आला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दंड. बदल्यात कामावर असेपर्यंत पोलिसाचे अधिकार आणि पोलिसाचं संरक्षण. पोलिसांच्या मदतीला गेला की हुकूमही पोलीस अधिकाऱ्याचाच. रचना साधी आहे: राज्य सरकार महासमादेशक नेमतं, जिल्ह्याला समादेशक, खाली तालुक्यातालुक्यांत पथकं. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या संघटना होमगार्ड या एकाच नावाखाली आणायला सांगितलं.

नाशिकला हा दोर नुसता शोभेचा नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. अरुंद उतार आणि रेटणारी गर्दी, एवढं पुरलं. तेव्हापासून इथल्या बंदोबस्तात माणसांची मोजदाद आधी होते. २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांना तर जिल्ह्यातली पथकं पुरणार नाहीत, बाहेरून मागवावी लागतील.

आणि मग पैशाचा प्रश्न. दलाचं ब्रीद ‘निष्काम सेवा’, कागदावर शब्द ‘मानधन’. पण ज्याची रोजंदारी बुडते त्याने निष्काम राहायचं कशावर? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये मधला मार्ग काढला: होमगार्ड कायम नोकर नव्हेत, मात्र कर्तव्य भत्ता असा द्या, की तीस दिवसांचा हिशेब पोलिसाच्या किमान पगाराइतका भरावा. महाराष्ट्रात २०२४ मध्ये दिवसाचे ५७० रुपये १०८३ झाले. अडचण उरते ती तीस दिवसांची. तेवढे दिवस बोलावणं येतंच असं नाही, आणि आलं नाही तर कर्तव्य भत्ता मिळत नाही.

विसर्जन संपतं, दोर गुंडाळला जातो. हजेरीवर सही करून सुटी झाली, की पोलिसाचे अधिकार उतरतात. गणवेश मात्र अंगावरच असतो. त्याच गणवेशात तो पंचवटी कारंज्यापाशी घरी जाणारी रिक्षा शोधत उभा राहतो.