पेढी उठली, खाते उरले

विश्रांतवाडीहून बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाकडे जायचे म्हणजे आळंदी रस्ता मागे टाकून, खडकी आणि औंध ओलांडून शहराच्या एका टोकाहून दुसरे टोक गाठायचे. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडी या भागांतील फुटबॉलवेड्या मुलांना या लांबच्या प्रवासासाठी सबळ कारण होते. देशाच्या अव्वल व्यावसायिक स्पर्धांत त्या दशकात पुण्याचे म्हणून एक नव्हे, चार संघ उतरले. आज त्यांपैकी एकही मैदानावर नाही.

व्यापारी घराण्यांत रोजमेळ आणि खतावणी यांतील भेद मुलांना लहानपणीच कळतो. रोजमेळात त्या दिवसाचा व्यवहार उतरतो; खतावणीत एकेका खात्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब जमत जातो. सामन्याचा निकाल हा खेळाचा रोजमेळ, तर संघांचे आणि खेळाडूंचे विक्रम ही त्याची खतावणी. मात्र खतावणीला अर्थ येतो तो पेढी चालू राहिली तर. भारतीय व्यावसायिक फुटबॉलच्या खतावणीत बंद झालेल्या पेढ्यांचीच खाती फार आहेत.

या खतावणीचे पहिले पान १९९६-९७ चे. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने तिचे पहिले विजेतेपद पटकावले. महाराष्ट्राच्या वाट्याला ही लीग एकदाच आली. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने ती जिंकली. पुढे २००७-०८ पासून स्पर्धेचे नाव आय-लीग झाले. दोन्ही नावांखाली मिळून पाच विजेतेपदे मिळवणाऱ्या गोव्याच्या धेंपो क्लबने २०११ मध्ये एअर इंडियाचा १४-० असा पराभव केला, तर २०११-१२ च्या एकाच हंगामात धेंपोच्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल नोंदवले. या नोंदी आजही डोळे विस्फारायला लावतात. परंतु महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये आणि जेसीटीने २०११ मध्ये आपला संघ मोडला. पहिल्या पानावरचे नावच बंद खात्यात गेले.

पुण्याचे खाते उघडले ते २००७ मध्ये. अशोक पिरामल समूहाने पुणे एफसीची स्थापना केली. दुसऱ्या श्रेणीतून वर चढत हा संघ २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आला आणि पदार्पणातच तिसरा आला. भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल २०११ च्या आशियाई चषकात खेळला, तेव्हा तो पुणे एफसीचाच खेळाडू होता. महिंद्राला विजेतेपद मिळवून देणारे परेरा पुढे पुण्यात आले आणि त्यांच्याच प्रशिक्षणाखाली २०१२-१३ मध्ये संघ उपविजेता ठरला. अव्वल स्पर्धेत पुण्याच्या संघाने गाठलेले हे सर्वोच्च स्थान. २०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसीही आय-लीगमध्ये उतरला. मात्र तो तळाशी राहिला आणि एका हंगामातच आटोपला. त्याच वर्षी पुणे एफसीही थांबला. नंतर आलेल्या डीएसके शिवाजीयन्सने २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम काढले.

चौथा संघ एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचा तो संस्थापक सदस्य. पाच हंगामांत तो एकदाच बाद फेरीपर्यंत पोहोचला. २०१७-१८ मध्ये ३० गुणांसह त्याने चौथे स्थान मिळवले. उपांत्य फेरीत बालेवाडीचा पहिला सामना ०-० असा सुटला. बंगळुरूच्या परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुणे १-३ असे हरले. पुढच्या वर्षी संघ गेला. लीगमधील त्याची जागा २०१९ मध्ये हैदराबादला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद जिंकले, आणि २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला जाऊन नव्या नावाने उभा राहिला. पुण्यातून निघालेली जागा दोन शहरे फिरली. पुण्याच्या पाच वर्षांची पुंजी मात्र कोणाच्याही खात्यात पुढे ओढली गेली नाही.

असे का घडते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको. परदेशी खेळाडूंचे मानधन, देशभराचा प्रवास, मैदानाचे भाडे हा खर्च दरवर्षीचा. तिकीटविक्री आणि जाहिरात यांचे उत्पन्न त्याच्या मानाने तोकडे. संघ हा मूळ उद्योगाच्या नफ्यावर जगणारा उपक्रम असेल, तर मूळ उद्योगाचा हात आखडताच तो कोसळतो. याउलट १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल सभासदांच्या बळावर उभे राहिले. तेथेही धनकोंची गरज पडली. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे एटीके ही अक्षरे लागली. समर्थकांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ती गळाली. २०२४-२५ मध्ये साखळीतील २४ सामन्यांत ५६ गुण मिळवून, साखळी विजेत्यांची ढाल आणि चषक दोन्ही जिंकणारा संघ मोहन बागान याच नावाच्या अभिमानाने खेळला. मालक बदलला तरी नावाची पत राखणारी माणसे तेथे होती.

खेळाडूंच्या नोंदींतही ही तूट दिसते. सुपर लीगमधील बार्थोलोम्यू ओगबेचेचा ६३ गोलांचा विक्रम छेत्रीने २०२४ मध्ये मागे टाकला. पण त्याचे आय-लीगमधील गोल वेगळ्या वहीत आहेत. दोन्ही वह्या एकत्र मांडल्याखेरीज त्याच्या कारकिर्दीचा ताळेबंद पुरा होत नाही.

या नोंदी केवळ कौतुकापुरत्या नाहीत, त्यांना रोख मोल आहे. जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार, खेळाडू मोबदला घेऊन एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेचा ५ टक्के हिस्सा त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. वयाच्या १२ ते १५ या काळातील प्रत्येक वर्षासाठी ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी दरवर्षी ०.५ टक्के. हिशेब ठरतो तो खेळाडूच्या नोंदणीवरून. क्लब हयात नसेल, तर तो हिस्सा राष्ट्रीय संघटनेकडे जाऊ शकतो आणि तिने तो युवा खेळाडूंवर खर्च करायचा असतो. म्हणजे पेढी उठली की येणे असलेली वसुलीही तिच्या हाती राहत नाही.

तरीही पुण्याचे खाते अगदी कोरे नाही. केरळमधील मलप्पुरमचा आशिक कुरुनियान पुणे एफसीच्या अकादमीत घडला, एफसी पुणे सिटीकडून खेळला आणि २०१९ च्या आशियाई चषकात भारताच्या पोशाखात उतरला. दोन्ही संघ मिटले. त्यांनी घडवलेला खेळाडू पुढे इतरांच्या कामी आला.

विश्रांतवाडीच्या परिसरातील ज्या घरांतून मुले-मुली संध्याकाळी बूट बांधून मैदानावर जातात, त्या घरांना यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, मुलाची क्लबमधील नोंदणी रीतसर झाली आहे का, जन्मतारीख आणि हंगाम अचूक लिहिले आहेत का, हे पालकांनी स्वतः पाहावे. दुकानाची पावती जपतो त्या काळजीने तो कागद जपावा. दुसरी, खेळाला मदत करायची तर एका रविवारच्या चषकावर मोठी रक्कम उधळण्यापेक्षा वस्तीतील एखाद्या छोट्या क्लबला थोडी, पण दरवर्षी न चुकता द्यावी. चार श्रीमंत संघांना पुण्यात जे जमले नाही, ते मोठ्या भांडवलाअभावी नव्हे, तर सातत्याअभावी. सातत्य हे तर व्यापाऱ्याचे पहिले भांडवल. पुण्याच्या नावाने पुन्हा एखादे खाते उघडले जाईल तेव्हा पहिली नोंद करणारा हात कदाचित आळंदी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानातून आलेला असेल.