रजेचा अर्ज आणि त्यानंतरचे चार दिवस

१९९० च्या पावसाळ्यातली गोष्ट. बँकेत क्लार्कची अधिकारी होऊन मी नुकतीच पर्सोनेल खात्यात आले होते. आमच्याकडे प्रोबेशनवर एक टायपिस्ट होती. काम स्वच्छ, बोलणे कमी. एका सोमवारी तिने बाळंतपणाच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. शुक्रवारी साहेबांनी मला टिपण करायला सांगितले : काम समाधानकारक नाही, सेवा संपुष्टात आणावी. मी टिपण केले. पत्र घेताना तिने विचारले, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी म्हटले, "वरून आलंय."

आता, कायदा नव्हता असे नाही. गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी मुंबई प्रांताने १९२९ मध्येच प्रसूती लाभाचा कायदा केला होता; त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये विधिमंडळात बोलले होते. मग १९६१ चा देशभराचा कायदा आला. १९८८ च्या दुरुस्तीने तो दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांनाही लागू झाला. त्याचे बारावे कलम सांगते, की बाई या रजेवर असताना किंवा त्या रजेच्या कारणावरून तिला कामावरून काढणे बेकायदा आहे. वाचायला अगदी सरळ. पण 'बाळंतपणामुळे काढले' असे कागदावर लिहिणारा मालक मला तरी अजून भेटायचा आहे. कारण नेहमी दुसरेच असते.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. आयुर्विमा महामंडळात १९८९ च्या सप्टेंबरात प्रोबेशनवर लागलेल्या एका बाईने डिसेंबरात बाळंतपणाची रजा मागितली. जानेवारीत ती बाळंत झाली आणि फेब्रुवारीत तिची नोकरी गेली. महामंडळाचे म्हणणे असे, की नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मात तिने खोटी माहिती दिली. कसली माहिती? तर पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, कधी गर्भपात झाला का! दिल्ली उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र विचारले, की तिचे काम वाईट होते असे दाखवणारा कागद कुठे आहे? तो नव्हताच. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि फॉर्मातले ते प्रश्न काढून टाकायला सांगितले. (फॉर्म भरताना तिने कुणासमोर काय लिहायचे, असा विचार ते छापणाऱ्याने केला असेल का?)

तो निकाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या टायपिस्टची फाइल आली. तिच्याही कामाविरुद्ध फाइलमध्ये एकच कागद होता, आणि तो मी लिहिलेला होता.

पुढे हे संरक्षण पसरत गेले. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना न्यायालयाने हा हक्क दिला. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात, कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ संपत नाहीत, असे ठरले. लाभ म्हणजे पैसे. नोकरी मात्र नव्हे. आजच्या कंत्राटी मुलींची खरी अडचण तिथेच आहे. त्यांना कुणी काढतच नाही. नुसते पुढचे कंत्राट येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुनी कलमे तिच्यात गेली. घरात नोकरी करणारी लेक-सून असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवा. रजेचा अर्ज लेखी द्यायचा आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. अर्ज आधी आणि तक्रारी नंतर हे त्यावरूनच सिद्ध होते. दुसरे, काढल्याचे पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचे.

ही साठ दिवसांची मुदत जुन्या कायद्यातही होती. ते पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होते, आणि मी ते वाचलेले होते. ती पत्र घेऊन जिना उतरली तेव्हा मी पुढची फाइल उघडली.