ढिगाऱ्याची धूळ छातीत नको

२७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारत पडली. अशा वेळी ढिगारा उपसणारे, मग डेब्रिज वाहणारे हात बहुतेक वस्तीतलेच. म्हणून अँटॉप हिलच्या घराघरांत आम्ही हे सांगतो.

सिमेंटची धूळ चुन्यासारखी दाहक. डोळे, घसा, कातडी जाळते. काँक्रिटमधल्या रेतीचे सिलिका कण फुप्फुसात रुततात. वर्षानुवर्षे धूळ गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. शिवाय टीबी लवकर जडतो. जुन्या सिमेंट पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसने कॅन्सरही होऊ शकतो. न्यूयॉर्कचे मनोरे २००१ साली कोसळले, त्या धुळीने मदतीला धावलेल्यांचे आजार अनेक वर्षे टिकले.

डेब्रिज पाणी मारूनच उचला, कोरडे झाडू नका. रुमाल पुरत नाही. मुकादमाकडे एन-९५ मास्क मागा, तो हक्क आहे. कामाचे कपडे वेगळे धुवा, मगच लेकरू उचला.

खोकला दोन आठवडे टिकला तर पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी मोफत आहे. आणि डॉक्टरांना काम धुळीचे आहे हे आवर्जून सांगा. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस टीबीसारखा दिसतो. न सांगितल्यास खरा आजार दडून राहतो.