उंच गाडीचं गणित – लेखांक ६ : स्टिअरिंगची थरथर

मागच्या लेखात जिमनीला दोन इंचांचं लिफ्ट किट बसवून झालं. डोंगरात गाडी झकास चालते. तक्रार सुरू होते ती हायवेवर. सत्तर-ऐंशीच्या वेगात पुलाच्या सांध्यावर एक चाक आपटतं आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके मारू लागतं. वेग बराच उतरेपर्यंत ते थांबत नाही. ऑफरोडवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगशी झुंजूही नका. ते सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि बेताबेतानं वेग उतरवा.

हे दुखणं मुख्यतः पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांचं : जिमनी, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप. नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणून ती यातून बहुतेक सुटते. अखंड अ‍ॅक्सलचं एक टोक उचललं गेलं की दुसऱ्या बाजूचं चाकही कलतं. वेगानं फिरणारं चाक कललं की ते वळायलाही बघतं. टाय रॉडनं दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे हा झोका इकडून तिकडे फिरत राहतो. सांधे घट्ट असतील तर तो लगेच विरतो, ढिले असतील तर वाढत जातो.

मग लिफ्टचा यात काय दोष? सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, हात सोडले तरी ती सरळ जायला त्याची मदत होते. गाडीतल्या त्याच कलाला कॅस्टर म्हणतात. जिमनीचा पुढचा अ‍ॅक्सल दोन आर्मनी चॅसीला धरलेला असतो आणि हे आर्म मागच्या टोकाला चॅसीत अडकवलेले असतात. चॅसी उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली झुकतं आणि अ‍ॅक्सलही नाक खाली करून फिरतो. आर्म एक मीटर लांब धरला, तर पाच सेंटीमीटरच्या लिफ्टमध्ये जवळपास तीन अंश जातात. मुळात कॅस्टर असतो मोजक्या अंशांचा, त्यातले तीन गेल्यावर उरणार काय? ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला तीन अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १८ मिलिमीटर. कलाची रेषा जमिनीला टेकते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांच्यामधलं, चाकाला सरळ ठेवणारं अंतर तेवढ्यानं कमी होतं.

आता दुरुस्ती. बहुतेक जण आधी जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर विकत आणतात. माझ्या मते हा पैशांचा अपव्यय आहे. डॅम्पर थरथर दाबतो, पण सांध्यांतले बुश झिजतच राहतात.

आधी टायर बघा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल खरवडून काढा, मगच बॅलन्सिंग करा. मग एकाला आत बसवून, चाकं जमिनीवरच ठेवून, स्टिअरिंग दोन्हीकडे थोडंथोडं हलवायला सांगा. तुम्ही खाली शिरा आणि पॅनहार्ड रॉडच्या बोल्टवर बोट ठेवा. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा हाच तो रॉड. बोल्ट ब्रॅकेटमध्ये सरकला, किंवा ब्रॅकेटवर बोल्टभोवती घासून चकचकीत झालेलं कडं दिसलं, तर भोक लंबगोल झालंय असं समजा. नुसतं आवळून भागणार नाही. तसेच टाय रॉड एंड तपासा. नंतर जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग बघा.

ढिलाई संपली की कॅस्टर. अलाइनमेंटच्या दुकानात जिमनीचा फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) जुळवता येतो, कॅस्टरला तिथे पानाच लागत नाही. त्यासाठी आर्ममध्ये भोक मध्यापासून सरकलेले बुश किंवा वाकवलेले आर्म लागतात. पाटे असलेल्या जिप्सीला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवतात. जिमनीत लिफ्टमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला असतो, तो मध्यावर आणायला लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या.

एक गोष्ट मेकॅनिकला बजावून सांगा : रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काम झाल्यावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर मोजून छापील कागद मागून घ्या. तो हातात येईपर्यंत गाडी एक्स्प्रेसवेवर नेऊ नका.