काशीबाईंची पिन आणि अनारकलीच्या बेड्या

ऐतिहासिक सिनेमाला जाणारे मराठी प्रेक्षक दोन प्रकारचे. एक गट किल्ले, तोफा आणि तहाची कलमं तपासत बसतो. दुसऱ्याचं लक्ष नायिकेच्या काठपदरावर. हा मजकूर दुसऱ्या गटासाठी. पहिल्यानं वाचला तरी हरकत नाही, पण मग त्रास होईल.

कारण सुरुवातच पिनेपासून आहे. पडद्यावरच्या पेशवीणबाई नाचतात, धावतात, रडतात, पण त्यांचा पदर खांद्यावरून तसूभर हलत नाही. हे सारं सेफ्टी पिनेचं पुण्य. तिचं पेटंट वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थानं १८४९ मध्ये घेतलं, आणि थोरले बाजीराव तर १७४० मध्येच गेले. म्हणजे त्यांच्या पत्नी काशीबाईंच्या खांद्यावरची पिन शंभरेक वर्षं लवकर आलेली. रंगांचंही तेच. तो डोळे दिपवणारा झगमगीत जांभळा विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला १८५६ मध्ये लंडनमध्ये सापडला, तोही क्विनाइन तयार करायच्या खटपटीत, चुकून. त्याआधी सगळी भिस्त मंजिष्ठा, नीळ, लाख आणि हळदीवर. आता शिवकाळावरचा कुठलाही सिनेमा लावा आणि दरबारातल्या बायकांकडे बघा.

तक्रार नाही हं. पडद्यावरचा पोशाख गोष्टीच्या काळाचा कमी आणि सिनेमाच्या काळाचा जास्त असतो, हे एकदा मान्य केलं की बघायला दुप्पट मजा येते.

तारामतीची मिशी

आपल्या पहिल्या ऐतिहासिक-पौराणिक नायिकेला मिशी होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. भल्या घरच्या बायका सोडाच, नाचगाण्याच्या पेशातल्याही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. हात नाजूक, चेहरा रेखीव. दहा रुपयांच्या पगाराचे पंधरा झाले आणि साळुंके लुगडं नेसले. घोडं अडलं ते मिशीपाशी. वडील हयात असताना मिशी उतरवायची कशी? ही सगळी वरात परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त फार झकास आली आहे.

पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकाच माणसाला धनुष्यही आणि बांगड्याही. असा डबल रोल नंतर कुणाच्या वाट्याला आल्याचं आठवत नाही.

खऱ्या बाईसाठी मात्र फार थांबावं लागलं नाही. १९१३ मध्येच आलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघीही होत्या. कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. आणि १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या दुर्गा खोटे, श्रीमंत घरातल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या. हॉटेलातल्या अण्णांपासून झेवियर्सच्या दुर्गाबाईंपर्यंत एकोणीस वर्षं. अवघं समाजचरित्र एका तारामतीत मावलं.

नथीचं काय करायचं?

सीता, द्रौपदी, तारामती, कुणीही असो, सिनेमात नाकात नथ हवीच. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी मात्र १९३८ मध्ये नथीच्या प्राचीनतेवर एक लेखच लिहिला. जुनं संस्कृत साहित्य चाळून त्यांनी दाखवलं की नाकातल्या दागिन्याचा मागमूस इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत जवळजवळ लागत नाही. जुन्या शिल्पांतल्या यक्षिणी बघा. गळा भरलेला, कंबर भरलेली, कान लोंबलेले आणि नाक रिकामं.

मग सीतेला नथ घातली कुणी? बऱ्याच अंशी राजा रविवर्म्यानं. त्याच्या चित्रांतल्या देवी आणि पुराणातल्या राण्या नऊवारीत आल्या आणि त्याच्या छापखान्यातून घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. छापखाना आधी मुंबईत होता, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्यांत एक होते दादासाहेब फाळके. म्हणजे आपलं ‘प्राचीन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली रंगीत छापील तसबीर. मालिकावाले आजही तीच तसबीर जिवंत करतात, फक्त वर थोडी टिकली-जर जास्त.

कोल्हापूरच्या भानूताई

तसबिरीची ही सवय मोडली ती एका कोल्हापूरकर मुलीनं. भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार, मुलगी लहान असतानाच गेले. भानू मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, सुवर्णपदक मिळवलं, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात चित्रं लावली आणि बायकांच्या एका इंग्रजी साप्ताहिकात फॅशनची रेखाटनं करता करता सिनेमात शिरल्या. लग्नानंतरचं नाव भानू अथैया.

१९६६ चा ‘आम्रपाली’ मिळाला तेव्हा त्या कॅलेंडर सोडून थेट अजिंठ्याला गेल्या. लेण्यांतल्या बायकांची वस्त्रं कुठे चुणलेली, कुठे गाठ मारलेली, कंबरेवर काय, दंडावर काय, हे बघून वैजयंतीमालाचे पोशाख उभे केले. तो सिनेमा फारसा चालला नाही. पण वैजयंतीमालाचं ते रूप इतकं ठसलं की पुढे ‘प्राचीन भारत’ म्हटलं की वेशभूषेवाल्यांना तेच आठवू लागलं.

आता बारीक खोडी. आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची बहुतेक गाजलेली चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मध्ये हजार वर्षांच्या आसपासचं अंतर. म्हणजे शिवाजी महाराजांवरच्या सिनेमात यादवकाळाच्याही आधीचे कपडे वापरावेत, त्यातला प्रकार. फक्त दिशा उलटी. तरी हा भानूताईंचा दोष नव्हेच. बुद्धकाळातल्या बायकांचं चित्र कुणी काढून ठेवलेलंच नाही, मग हाताशी असलेल्यांतलं सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात देखणं त्यांनी उचललं. रविवर्म्याच्या लुगड्यापेक्षा ते कितीतरी जवळचं.

‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं ऑस्कर. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास म्हणजे खरं तर कपड्यांचीच गोष्ट, पण माझं लक्ष कस्तुरबांकडे जास्त. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या, आणि त्यांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत जायचं होतं. जरीचा आधार नाही, दागिन्यांचा नाही. सगळं काम खादीचा पदर आणि चालण्यातला फरक यांवर. ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक त्यांना मिळालं ते असंच नव्हे.

जाता जाता, ‘ब्रह्मचारी’त मुमताजनं मिरवलेली ती नारिंगी, आयती शिवलेली, चेनवाली साडीही भानूताईंचीच. ऐतिहासिक सिनेमाशी तिचा संबंध नाही. पण हल्ली लग्नात दोन मिनिटांत चढवायची शिवलेली नऊवारी दिसते ना, तिच्या घराण्यात ही साडी कुठेतरी मावशी-आत्या लागत असणार. आपलं ऑस्कर भानूताईंनी २०१२ मध्ये अकादमीकडे परत पाठवलं. आपल्यानंतर इथे ते कोण सांभाळणार, ही त्यांची काळजी. २०२० मध्ये त्या गेल्या.

झाशीची राणी काय नेसायची?

१९५३ मध्ये सोहराब मोदींनी ‘झाँसी की रानी’ काढला. टेक्निकलरमध्ये चित्रित झालेला पहिला भारतीय चित्रपट. कॅमेऱ्यामागे ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळवलेले अर्नेस्ट हॅलर, घोड्यावर मोदींच्या पत्नी मेहताब. तोवर कृष्णधवल सिनेमात साडी लाल की हिरवी याला अर्थच नव्हता, ती करड्याची कुठली छटा देते एवढंच बघायचं. आता मात्र रंग दिसणार होते, तेव्हा रंगांची लयलूट झाली. सिनेमा पडला, खर्च बुडाला, पण भरजरी राणी कायमची ठरून गेली.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी काय लिहून ठेवलंय? १८५४ मध्ये जॉन लँग नावाचा वकील राणीचा सल्लागार म्हणून झाशीला आला. बोलणं पडद्याआडून चाललं होतं, तेवढ्यात राणीच्या दत्तक मुलानं, लहानग्या दामोदरनं पडदा सरकवला आणि लँगला क्षणभर राणी दिसली. अंगावर पांढरी, तलम मलमल. दागिना म्हणाल तर कानांत सोन्याचे डूल. संपलं.

दुसरा साक्षीदार आपल्या कोकणातला, वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत अडकले. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी राणीचे दोन वेश सांगितलेत. कधी विधवेचं पांढरं पातळ, तर कधी पुरुषी थाट: पायजमा, अंगरखा, डोक्याला पागोटं, कमरेच्या दुपट्ट्यात तलवार. विहीण म्हणून मिरवावी अशी पैठणी यात कुठेच नाही. एखाद्या दिग्दर्शकानं पूर्ण सिनेमाभर राणीला पांढऱ्या मलमलीत ठेवून दाखवावं. निर्माता कदाचित पळून जाईल, पण अभिनेत्रीचा कस लागेल.

आसिफसाहेबांचा हट्ट

दिग्दर्शक के. आसिफ यांच्या १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’ची खरेदीची यादी म्हणजे देशाचा भूगोल. शिंपी दिल्लीचे, जरीकाम सुरतेचं, दागिने हैदराबादचे, जोडे आग्र्याचे, शस्त्रं राजस्थानची आणि मुकुट? कोल्हापूरचे! जोधाबाईच्या वेशात पुन्हा आपल्या दुर्गा खोटे.

अनारकलीच्या बेड्या मात्र खऱ्या लोखंडाच्या. अनारकली झालेल्या मधुबालाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि त्या अवस्थेत तिनं ते ओझं अंगावर वागवलं. तुरुंगातल्या प्रसंगांत तिचा चेहरा थकलेला दिसतो तो निव्वळ अभिनयानं नव्हे.

आणि शीशमहालातला तो नाच? त्यातल्या काही अवघड गिरक्या लक्ष्मीनारायण या पुरुष नर्तकाच्या आहेत. शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी मधुबालाच्या चेहऱ्याचा मुखवटा घडवला, तो त्यानं चढवला आणि आरशांच्या महालात सगळ्या हिंदुस्थानाला चकवलं. हे पाहायला अण्णा साळुंके हवे होते.

झटपट

‘पाकीजा’ची जुळवाजुळव १९५६ ला सुरू झाली, सिनेमा आला १९७२ ला. मधल्या काळात नायिका-दिग्दर्शकाचा संसार मोडला, पण मीनाकुमारी परत आली. पोशाखांची आखणीही तिचीच. शेवटच्या नाचात ओढणीआड पद्मा खन्ना आहे, कारण मीनाकुमारी तोवर फार आजारी होती. सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आत ती गेली.

१९८१ च्या ‘उमराव जान’मधली रेखा कुणाच्या नजरेनं सजली? सुभाषिनी अली यांच्या. होय, त्याच, राजकारणातल्या. कॅप्टन लक्ष्मी सहगल यांची कन्या.

नीता लुल्लांना ‘जोधा अकबर’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे ‘बालगंधर्व’साठीही. एकीकडे ऐश्वर्या राय, दुसरीकडे शालू नेसलेले सुबोध भावे. कुणाचा पदर जास्त चापूनचोपून बसला, यावर आमच्या घरात एकमत नाही.

‘तान्हाजी’तल्या काजोलची नऊवारी आठवते? त्या सिनेमाच्या वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना मिळाला.

‘पद्मावत’मधल्या ‘घूमर’च्या घागऱ्याचं वजन तीसेक किलो असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. ते पेलून दीपिकानं गिरक्या घेतल्या, आणि मग वादामुळे तिची उघडी कंबर संगणकावर झाकावी लागली. शिंप्यानं सोडलेली जागा ग्राफिक्सवाल्यांनी शिवली.

‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ या नाचावर तर पेशव्यांचे वंशजच नाराज झाले होते. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील कशा, हा त्यांचा मुद्दा. आमच्याकडच्या आत्याबाईंचा मुद्दा वेगळा होता: “नाचू देत गं, पण लुगडं इतकं खाली कोण नेसतं?”

राणी, राजमाता, गवळण

मराठी पडद्यावर एक वेगळीच बढतीची साखळी आहे. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’त सुलोचनादीदी जिजाऊ झाल्या, आणि कित्येकांसाठी जिजाऊंचा चेहरा म्हणजे तोच, डोक्यावरून घेतलेला पदर आणि डोळ्यांतला धाक. अलीकडच्या पिढीची जिजाऊ मृणाल कुलकर्णी. त्यांचा प्रवास गमतीचा. शाळकरी वयात दूरदर्शनच्या ‘स्वामी’त त्या माधवराव पेशव्यांच्या रमा. स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘रमा माधव’मध्ये त्याच रमेच्या सासूबाई, गोपिकाबाई. आणि ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’मध्ये जिजाऊ. वय पुढे, इतिहास मागे.

सोनाली कुलकर्णीनं तर पायरी खालून गाठली. २०२४ मध्ये ती ताराराणी झाली, पण त्याआधी २०१९ मध्ये ‘हिरकणी’. माझी मोहोर या दुसरीवर. रायगडाचा कडा उतरायचा, तान्ह्या लेकराची ओढ, आणि अंगावर गवळणीचं साधं लुगडं. ना शेला, ना चिंचपेटी. ताशीव कड्यावरून उतरणाऱ्या बाईला कासोटा घट्ट लागतो, आणि तो कुठल्याही पिनेशिवाय बसतो, हे त्या नऊ वारांच्या कापडाला शेकडो वर्षांपासून माहीत आहे.