काम जाणणाऱ्या हाताची रेघ

सरकारी दप्तरात आदिवासींची जी नोंद सापडते ती बहुधा सारा, वेठबिगार, जंगलगुन्हा आणि दंड यांच्या निमित्ताने झालेली असते. त्यामुळे तो मनुष्य सकाळी उठून काय करी, जाळे कसे फेकी, धान कसे झोडी, याची कैफियत ऐकायची तर त्याच्या स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रांकडेच वळावे लागते. अमरावतीजवळच्या आमच्या नांदगाव पेठेहून मेळघाट काही फार दूर नाही. तेथील कोरकूंनी मृतांच्या स्मरणार्थ सागवानी फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरावेत ही रीत जुनी आहे. परंतु त्या फळ्या परलोकाच्या दिशेने पाहतात. इहलोकीच्या दैनंदिन व्यवहाराचे विस्तीर्ण चित्र पाहावयाचे तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातील गंजाड गावी, वारली जमातीचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या दारी जावे लागते.

१९३४ साली जन्मलेल्या या वारली मुलाची आई त्याच्या बालपणीच निवर्तली, आणि त्या आघाताने त्याची वाचा अशी काही मिटली की पुढे कित्येक वर्षे तो धुळीत रेघा ओढूनच आपले मनोगत सांगत असे. वारल्यांत चित्र काढणे हा वास्तविक पुरुषाचा प्रांत नव्हे. लग्नघरी शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहावा, त्यात पालघट देवीची स्थापना करावी, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणावीत, आणि या सर्व विधींखेरीज लग्न लागू नये, असा तेथील परंपरेचा दंडक. चौकाभोवती झाडे, पक्षी, शेत, नाचणारी माणसे ही सारी मंडळी देवीच्या वऱ्हाडात आल्यासारखी दाटीने उभी असत, पण मानाचे स्थान देवीचे. आणि कार्य आटोपले की भिंतीचे महत्त्वही संपे.

१९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार, हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने, कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर हिंडू लागले. त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरून कागदावर आणण्याच्या कामीही त्यांनी हातभार लावलेला होता. जिव्या मशे यांच्या हाती कागद पडला तो असा. सणासुदीची, लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्र काढणारा हा वारल्यांतील पहिलाच पुरुष, आणि त्याच्या कागदावरून देवी मागे सरली नाही तरी राब, लावणी, मासेमारी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच हे सर्व पुढे आले. या स्थित्यंतरात स्त्रियांच्या हातचे एक पवित्र कार्य पुरुषांच्या नावावर रुजू झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. उजेडात मिळणाऱ्या मानाचा मोठा वाटा ज्यांच्या पदरी पडला त्यांत चौक लिहिणाऱ्या सवाशिणी थोड्याच आहेत.

तथापि मशे यांची थोरवी निराळ्या गोष्टीत आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून उभे करावेत, त्यांना काडीसारखे हातपाय लावावेत, एवढ्या सामग्रीवर त्यांनी वाकून रोप लावणाऱ्या बाईचा वाक आणि ओझ्याखालच्या माणसाचा वाक हे दोन्ही वेगळे दाखविले. कोळ्याचे जाळे तर त्यांनी असे रंगविले की सूक्ष्म रेघांची वीण साऱ्या चित्रभर पसरावी आणि तिच्या ओढीपुढे माणूस इवलासा उरावा. हे पाहून आलेल्या कामाचे चित्र नव्हे, करून आलेल्या कामाचे आहे. ज्याने जाळे ओढले आहे त्यालाच त्याचा भार रेघेत उतरविता येतो, अशी माझी समजूत आहे.

या समजुतीस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून एक साक्षीदार मिळतो. उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, अलास्कातील शिशमारेफ येथे १९११ साली जन्मलेला जॉर्ज आहगुपुक हा इनुपियाक जमातीतील तरुण पाय मोडून शिकारीला अंतरला आणि चित्रांकडे वळला. रेनडियरच्या पांढऱ्या केलेल्या कातड्यावर शाईने त्याने कुत्र्यांच्या घसरगाड्या, वॉलरसची शिकार, मासे धरणाऱ्या बायका काढल्या. रॉकवेल केंट या अमेरिकन चित्रकाराने त्याचे गुण हेरले. वाचा हरपलेला मुलगा आणि चाल खुंटलेला शिकारी! दोघांनाही भोवतालच्या कामाकडे बाजूला बसून पाहण्याची सक्तीची फुरसत मिळाली, आणि ते काम काय असते हे दोघांच्याही अंगात आधीच मुरलेले होते.

पुढची हकिकत मानसन्मानांची आहे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात प्रदर्शन, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसमधील पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात समावेश, २०११ साली पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात मशे निवर्तले. सदाशिव आणि बाळू या पुत्रांनी चित्रकला चालू ठेवली.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळाला. त्या दाखल्याने नाव राखले जाते, नजर राखण्याची तजवीज मात्र त्यात नाही. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत आता कापडाचे मोठाले कारखाने उभे आहेत. तिथलाच माल तो असे मी म्हणत नाही, परंतु अमरावतीच्या बाजारात चादरींवर आणि पिशव्यांवर वारली आकृत्यांचे पीक आले आहे खरे. तारप्याच्या नाचात नर्तकांनी वादकाकडे पाठ करायची नाही, असा वारल्यांचा रिवाज. चादरीवरच्या नाचात अर्धी मंडळी वादकाकडे पाठ करून नाचत असतात, आणि काही चादरींवर तर वादकच नसतो.